सोबत

मी भित्री आहे. पूर्वी हे कबूल करताना लाज वाटे. आता वाटत नाही. तशी मी चारचौघींसारखीच आहे. वर्गातल्या साठ मुलांपुढे उभी राहताना माझे पाय कापत नाहीत, झुरळाला मी चपलेने मारते, आणि संध्याकाळी सहाच्या गाडीत दादरला कोणाच्याही बरोबरीने शिरते. पण घरात टीव्हीवर भुताचा सिनेमा लागला, की मला स्वयंपाकघरात एकाएकी काम निघते. डबे पुसायचे राहिलेले असतात, उद्याची डाळ निवडायची असते. घरातले सगळे ते ओळखतात आणि गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे.

२०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. पहाटे उटणे लावून, अंगठ्याखाली कारीट फोडून, नवे कपडे घालून आम्ही फराळाला बसलो होतो. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने चकली मोडता मोडता जाहीर केले, "आई, आज हॅलोविन आहे. रात्री मी भुताचा पिक्चर बघणार."

"आज नरकचतुर्दशी आहे," मी म्हटले.

"तेच ते. आपला राक्षस, त्यांचं भूत."

यावर गप्प बसायला हवे होते. पण शिक्षकाच्या जातीला ते जमत नाही. मी त्याला सांगू लागले, की हा सण मूळचा आयर्लंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागताना मेलेली माणसे घराकडे फिरकतात अशी तिकडची समजूत. आपल्याकडेही धनत्रयोदशीला वर्षातून एकदाच दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावतो, तो यमासाठी. आणि इथे जवळच, शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत २ नोव्हेंबरला लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. शेवटच्या तासाला वर्गातली मुले जसे ऐकतात तसे त्याने ते ऐकले. मग एक शंका विचारली, "तुमच्या वेळी टीव्हीवर भुतं होती का गं?"

होती का म्हणजे काय! आमच्या वेळी जी भुते होती ती आता उरली आहेत कुठे?

आमची चाळ लालबागची. चार मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, एका बाजूने सलग गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला मजल्याचे संडास. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी; पण आमच्या मजल्यावर टीव्ही यायला त्यानंतर बरीच वर्षे गेली. तो आला ३२ नंबरच्या काकींकडे. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागे आणि काकींच्या दहा बाय बारांच्या खोलीत तीस-पस्तीस माणसे बसत. पुढे पोरे, मागे बायका, दारात पुरुष आणि खिडकीच्या गजांना लोंबकळणारी दुसऱ्या मजल्यावरची मुले. तिथेच मी 'हा खेळ सावल्यांचा' पाहिला. तो १९७६ चा चित्रपट. काशिनाथ घाणेकर आणि आशा काळे यांचा. त्यानंतर कित्येक महिने आमच्या मजल्यावर जेवत नसलेल्या मुलाला नरसूचे नाव सांगितले, की ते निमूटपणे वरणभात गिळत असे.

मग केबल आली. चार पोरांनी एका रविवारी गॅलरीच्या कठड्यावरून काळ्या वायरी ओढल्या आणि आम्हाला झी दिसू लागला. तो वाहिनीवालाही मुहूर्त पाहणारा असावा. तीही २ ऑक्टोबरलाच सुरू झालेली, १९९२ साली. पुढच्या वर्षी तिच्यावर 'झी हॉरर शो' सुरू झाला. तुलसी आणि श्याम या रामसे बंधूंचा.

या रामसे मंडळींविषयी मला नेहमी एक आपुलकी वाटत आली आहे. त्यांची भुते काही लांबच्या हवेलीतून आलेली नाहीत. ती लॅमिंग्टन रोडवरून आलेली आहेत. वडील फत्तेचंद रामसिंघानी फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रोडला त्यांनी रेडिओचे दुकान टाकले. रामसिंघानी हे नाव इंग्रज गिऱ्हाइकांच्या तोंडात बसेना, म्हणून त्याचे रामसे झाले, असे सांगतात. त्यांना मुलगे सात. त्यांनी १९७० साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' नावाचा चित्रपट काढला; तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि पडलेल्या चित्रपटाला जे थोडे प्रेक्षक येत ते तेवढ्यासाठीच येत. भावांनी हे हेरले. मग सगळे कुटुंब महाबळेश्वरला नेऊन त्यांनी 'दो गज जमीन के नीचे' काढला, तो १९७२ मध्ये लागला. एका भावाने कॅमेरा धरायचा, एकाने लिहायचे, दोघांनी दिग्दर्शन करायचे. किरण नावाच्या भावाकडे आवाज. एखाद्या घरी जशी कोणी चकली पाडते, कोणी तळते, कोणी साखर घोटते, तशी या घरी भुते होत. १९८४ च्या 'पुराना मंदिर'मधला त्यांचा तो सहा फुटांहून उंच सामरी, ज्याच्यामुळे मुले पांघरुणात तोंड खुपसत, तो नट शिक्षणाने इंजिनिअर होता, हे मला कळले तेव्हा मी तिशी ओलांडली होती. आधी कळते तर माझ्या किती झोपा वाचल्या असत्या!

पण आवाजाचे काम एका भावाने वेगळे सांभाळावे, याचा अर्थ मला पुढे बऱ्याच उशिरा कळला.

'हॉरर शो'च्या रात्री आमचा मजला लवकर जेवत असे. काकी दिवा मालवत; दिव्याच्या उजेडात भूत पाहणे म्हणजे त्यांच्या मते पैसे फुकट घालवणे होते. मग तो धुक्यातला वाडा, करकरणारा दरवाजा, कुत्र्याचे रडणे. पडद्यावर अजून काही झालेलेही नसे, तोच पोरे एकमेकांना बिलगत. दुपारी पाण्याच्या नळावरून एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेल्या दोन बायका त्या अंधारात एकमेकींचा हात घट्ट धरून बसलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. कोणीतरी मध्येच चिवड्याचा डबा फिरवी. भूत आले, की सगळी खोली एकदम किंचाळे. आणि किंचाळून झाल्यावर सगळी खोली हसे. त्या किंचाळण्यात आपले किंचाळणे कोणते, हे ज्याचे त्याला कळत नसे.

हे १९९३ साल होते, याची आठवण आज करताना मला नवल वाटते. त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबई जळत होती. मार्चच्या १२ तारखेला स्फोट झाले. त्या जानेवारीतल्या रात्री आमच्या चाळीत कोणी मोठ्याने बोलत नव्हते. संचारबंदीत रस्ता इतका शांत, की नाक्यावर कोणी पत्रा हलवला तरी चार मजल्यांवरची माणसे उठून बसत. त्या भीतीत कोणी चिवडा वाटला नाही. आणि त्याच माणसांना, जेमतेम सात-आठ महिन्यांनी, पुन्हा भिण्याची हौस यावी! तेव्हा मी चौदा वर्षांची होते. मला त्यात काही विचित्र वाटले नाही. आज वाटते, की आपण पुन्हा हौसेने भिऊ शकतो, हेच आमची चाळ पाहून घेत असावी.

शो संपला की खरी परीक्षा. दिवसभरात पाणी कितीही कमी प्या, त्या रात्री हटकून संडासला लागे. गॅलरीचे ते टोक, तिथला वर्षातले अकरा महिने गेलेला दिवा आणि हातात टमरेल. आईला उठवावे तर ती म्हणे, "टीव्ही बघताना विचारलंस का मला?" उरले बाबा.

बाबा गिरणीत विणाई खात्यात होते, साच्यांवर. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला आणि अडीच लाखांतले ते एक झाले. मी तेव्हा तीन वर्षांची. मग काही वर्षे हातगाडी, काही वर्षे हमाली, आणि शेवटी एका कंत्राटदाराकडून रात्रीच्या पहाऱ्याचे काम. तेही त्याच गिरणीत. साचे भंगारात गेले होते. रिकाम्या खात्यांवर हातात काठी घेऊन रात्रभर फेऱ्या मारायच्या. आठवड्यातून एक रात्र सुट्टीची. ती रात्र 'हॉरर शो'ची असली की माझे भाग्य उजळे.

कारण बाबा उठत. एक शब्द न बोलता पायांत चप्पल सरकवत आणि टोकापर्यंत माझ्याबरोबर येत. मी आत गेले, की बाहेर कठड्याला टेकून उभे राहत. आतून मी दर अर्ध्या मिनिटाला हाक मारी, "बाबा, आहात ना?" चार-पाच वेळा 'आहे' म्हणून ते कंटाळले असावेत. मग त्यांनी एक युक्ती काढली. ते बाहेर उभे राहून मोठ्याने रेल्वेची स्टेशने म्हणू लागले. "मशीद... सँडहर्स्ट रोड... भायखळा... चिंचपोकळी... करी रोड... परळ..." गाडी जशी प्रत्येक ठिकाणी थांबते तसे थांबून थांबून. कुर्ल्याला पोहोचले की विचारत, "बाय, उतरायचंय का ठाण्यापर्यंत जायचंय?" साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांचा आवाज मोठा. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा झोपेतून ओरडत, "अरे, ती गाडी कारशेडला लाव आता!"

एकदा मी टीव्हीपुढे दोन्ही हातांनी डोळे झाकून बसले होते. बाबा सुट्टीवर होते, दारात उभे. त्यांनी पाहिले, माणसांतून वाट काढत पुढे आले आणि टीव्हीचा आवाज पार बंद केला. खोलीत ओरडा झाला. "काका, आवाज! आवाज!" बाबा म्हणाले, "थांबा रे, गंमत बघा." पडद्यावर एक बाई आ वासून उभी होती, आणि समोरून कोणी पांढऱ्या डोळ्यांचा इसम पाय ओढत येत होता. आवाज नाही, काही नाही. ३२ नंबरच्या काकी म्हणाल्या, "अगोबाई, हिला तर दाढ काढायला बसवलंय!" झाले. पोरे हसून हसून लोळली. मी बोटांच्या फटीतून पाहिले आणि मलाही हसू आले. 

तेव्हापासून मला कळले, की टीव्हीवरचे भूत डोळ्यांतून येत नाही, कानांतून येते. १९४९ च्या 'महल'ची गोष्ट लताबाई सांगत. दूरवरून जवळ येणारा आवाज हवा होता आणि तेव्हा त्यासाठी यंत्रे नव्हती. म्हणून माइक खोलीच्या मध्ये ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात, पाऊल पाऊल टाकत, माइकपर्यंत आल्या. सगळ्या देशाला ज्या भुताने मोहिनी घातली, ते एक गाणारी मुलगी दहा-पंधरा पावले चालल्यामुळे झालेले होते. १९९५ साली सोनीवर भुतांची मालिका आली, तिचे नावच 'आहट'. आपण चाहूल म्हणतो ती. मीही ऑफ तासाला मुलांना भुताची गोष्ट सांगते तेव्हा दुसरे काही करत नाही, आवाज उतरवत जाते. मागच्या बाकांवरची मुले आपोआप पुढे सरकतात. कादंबऱ्या लिहू लागल्यावर एकदा मी भुताची कथा लिहायला घेतली आणि सपशेल पडले; कागदाला कुजबुजता येत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांचे कागद कसे कुजबुजत, ते तेच जाणोत.

पण मी सांगत होते ते १९९३ च्या दिवाळीचे. त्या दिवाळीत मला पंजाबी ड्रेस हवा होता. मजल्यावरच्या दोघी-तिघींनी घेतला होता आणि आईने मला जवळजवळ कबूलही केले होते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी बाबा बाहेरून आले आणि खिशातून त्यांनी एक हातभर नव्हे, हाताच्या पंजाएवढा ट्रान्झिस्टर काढला. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. सव्वाशे रुपयांचा. मला कळले, की ड्रेस गेला.

मी चार दिवस बाबांशी बोलले नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळ्या चाळीत आकाशवाणीवरचे नरकासुरवधाचे कीर्तन लागले होते. खोलीखोलीतून तोच आवाज. बाबा पहाऱ्यावरून परत आले, गॅलरीतून चालत, आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशातूनही तेच कीर्तन ऐकू येत होते. ते दारात थांबून माझ्याकडे पाहून हसले. मी तोंड फिरवले. आई माझ्या पाठीला तेल लावत होती. तिने एक धपाटा घातला, तोही मी बाबांच्याच खात्यावर मांडला. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी हौसेने घेतलेली मला आठवणारी ती एकच वस्तू, आणि ती हौसेची नव्हती, हे कळायला मला आणखी महिनाभर लागला.

ती डिसेंबरातली एक रात्र. शो झाला होता, गाडी कुर्ल्यापर्यंत जाऊन आली होती, आणि आम्ही दोघे गॅलरीतून परत येत होतो. मी सहज विचारले, "बाबा, गिरणीत रात्री भुतं असतात का हो?"

मला वाटले ते हसतील. ते कठड्याशी थांबले. समोर गिरणीची चिमणी अंधारात दिसत होती.

"भूत नाही गं बाय. तिथं कोणीच नाही, तीच पंचाईत आहे," ते म्हणाले. "त्या खात्यात मी पंधरा वर्षं काढली. शेजारच्या साच्यावरचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नव्हतं. ओठ बघून बोलायचो आम्ही. आता तिथनं फेरी मारतो, तर माझं पाऊल मला ऐकू येतं. इथं एक टाकलं की पलीकडच्या भिंतीवरनं दुसरं येतं. कळतं, आपलंच आहे. तरी मागं वळून बघावंसं वाटतं."

"मग?"

"मग काय. रेडिओ लावतो. विविध भारती बंद झाली की सुई फिरवायची. कुठंतरी कोणीतरी बोलत असतंच."

एवढे बोलून ते चालू लागले. मी मागोमाग गेले. 'बाबा, माझं चुकलं,' असे त्या वेळी म्हणायला काही पैसे पडत नव्हते. पण चौदाव्या वर्षी असली वाक्ये तोंडातून निघत नाहीत, आणि पुढे ती म्हणावीत तर फार जुनी झालेली असतात. बाबा २००९ साली गेले. त्या गिरणीच्या जागी आता काचेचा टॉवर आहे आणि त्याला रात्रभर दिवे असतात. ट्रान्झिस्टर माझ्याकडे आहे, वाजत नाही.

चाळही गेली. तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. घरात दोन संडास आहेत. शेजारी कोण राहते ते मला माहीत आहे, पण त्यांच्या घरात काय शिजते ते माहीत नाही. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा आई हयात होती. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा, ती माडांची सळसळ पाहून ती रोज रात्री साडेदहाला खूश होऊन बसे, आणि मी डाळ निवडायला आत जाई. कोकणातले काही लोक त्या मालिकेवर रागावले होते, आमच्या गावाला भुताटकीचे गाव ठरवले म्हणून. आई म्हणाली, "रागावतात कशाला? इतक्या माणसांचं भरलेलं घर कुठं दिसतं हल्ली टीव्हीवर?" तिला भुते दिसतच नव्हती की काय, कोण जाणे.

तर ती ३१ ऑक्टोबरची रात्र. दुपारीच अमावास्या लागली होती. मुलाने दिवे मालवले, सोफ्यावर पाय घेतले, मोबाइल हातात धरला आणि कानांत दोन पांढरी बोंडे घातली. मी म्हटले, "टीव्हीवर लाव की, मीही बसते." माझ्या या शौर्याचे मलाच आश्चर्य वाटले. तो म्हणाला, "नको, तू सारखी मध्ये बोलतेस."

मी आतून पाहत राहिले. घरात काही आवाज नव्हता. फ्रिजची घरघर तेवढी. आणि त्या शांततेत माझा मुलगा मधूनच दचके, अंग चोरी, गुडघे छातीशी घेई. त्याला कोण भिववते आहे ते मला ऐकू येत नव्हते. खूप वेळ मी तशीच उभी होते. एकदा वाटले, जाऊन ती बोंडे काढावीत. काढली नाहीत. तो तेरा वर्षांचा आहे.

रात्री एकच्या सुमाराला माझ्या खांद्याला हात लागला.

"आई, जागी आहेस?"

"का रे?"

"काही नाही. जरा बाथरूमला जायचंय."

"मग जा की. दिवा आहे."

तो हलला नाही. मी उठले. चप्पल घालायची गरज नव्हती. आठ पावलांवर तर दार. तो आत गेला, कडी न लावता दार नुसते लोटून घेतले. मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले.

"आई, आहेस ना?"

"आहे."

"गप्प नको उभी राहू. बोलत राहा काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही."

मी घसा खाकरला. "मशीद... सँडहर्स्ट रोड... भायखळा... चिंचपोकळी..."

आत क्षणभर शांतता. मग आतून आवाज आला, "आई, ही स्लो आहे का?"

"स्लोच आहे," मी म्हटले. "करी रोड... परळ... दादर..."